अमेरिकेतील लहान गावाचा शालान्तवर्ग : १९४५ ते १९५९

मराठीत ‘वर्ग’ या शब्दाचे तीन अर्थ रूढ आहेत : शाळेतील खोली व तीत बसणारे विद्यार्थी, समाजातील आर्थिक स्तर, आणि समान लक्षणांच्या वस्तूंचा गट. अमेरिकन व्यवहारात ‘क्लास’ या शब्दाला याहून वेगळा असा एक चौथा अर्थ आहे. एकाच शाळेतून एकाच वर्षी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडलेल्या आणि त्या वर्षाच्या नावाने आयुष्यभर ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तींचा समूह, असा तो अर्थ. मराठीत बोलताना यासाठी ‘बॅच’ म्हणतात, परंतु तो शब्द शिकवणीपासून सैन्यभरतीपर्यंत कोठेही लागू होतो. म्हणून प्रस्तुत विवेचनात या समूहाला ‘शालान्तवर्ग’ ही संज्ञा दिली आहे.

शालान्तवर्गाची घटक लक्षणे तीन : शाळेचे एकत्व, वर्षाचे एकत्व आणि शिक्षणाची पूर्तता. यांपैकी तिसरे निर्णायक आहे. अकरा वर्षे सोबत शिकून बाराव्या वर्षी शाळा सोडणारा विद्यार्थी शालान्तवर्गात येत नाही. अखेरच्या वर्षी दुसऱ्या गावाहून आलेला येतो. यावरून सहवास हे या समूहाचे लक्षण नसून केवळ त्याचे नेहमीचे कारण आहे, असे ठरते. लक्षण आणि कारण यांतील हा भेद पुढे वारंवार उपयोगी पडेल.

पूर्तता कोण ठरवतो, या प्रश्नावर समूहाचे स्वरूप अवलंबून असते. त्याच काळात आपल्याकडे अकरावीनंतरची शालान्त परीक्षा शाळेबाहेरचे मंडळ घेई. निकाल बैठक-क्रमांकाने लागे. एकाच बाकावरच्या दोघांतील एक पुढे जाई व दुसरा ऑक्टोबरची वारी करी. परीक्षा प्रत्येकाला स्वतंत्रपणे गाठत असल्याने उत्तीर्ण होणे ही व्यक्तीची अर्हता होती. ‘मॅट्रिक, १९५०’ या शब्दांत शाळेचा उल्लेखही लागत नसे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या रीजंट्स परीक्षेसारखे अपवाद वगळता अशी बाह्य परीक्षा नव्हती. विहित विषय पूर्ण झाले, हे शाळाच ठरवी आणि डिप्लोमा शाळाच देई. कोण राहणार आणि कोण जाणार, हे समारंभापूर्वीच ठाऊक असे. म्हणून डिप्लोमा एका संध्याकाळी, एका व्यासपीठावर, सर्वांना क्रमाने देता येई. ‘१९५०चा क्लास’ ही समूहाची संज्ञा होऊ शकली ती या प्रशासकीय व्यवस्थेमुळे. तिचे मूळ स्नेहात शोधणाऱ्याने आधी परीक्षापद्धती पाहावी.

आता ‘लहान गाव’ आणि ‘युद्धोत्तर काळ’ या दोन मर्यादा. अमेरिकन जनगणना २,५०० ही नागरी वस्तीची सीमा मानीत असे. परंतु येथे लोकसंख्येपेक्षा शाळेचे प्रमाण महत्त्वाचे आहे. ज्या गावात एकच हायस्कूल आहे आणि ज्याचा शालान्तवर्ग शंभराच्या आत आहे, ते गाव येथे लहान मानले आहे. शंभर हा आकडा स्वैर नाही; त्याचे प्रयोजन पुढे येईल. काळाची पहिली सीमा १९४५, म्हणजे महायुद्धाची समाप्ती. दुसरी १९५९, त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अहवालावरून घेतलेली. तोही पुढे येईल.

समूह कोणाचा बनला, हे प्रथम पाहू. शालान्तवर्ग हा गावातील त्या वयाच्या सर्वांचा समूह नव्हे. तो शेष आहे. १९४० साली देशात सतरा वर्षांच्या शंभर मुलामुलींमागे सुमारे ५१ जण हायस्कूल पूर्ण करीत. १९५० साली हे प्रमाण ५९ झाले आणि १९६० साली सुमारे ७० झाले. प्रमाण वाढले तरी पहिल्या दशकात संख्या वाढली नाही. १९४० आणि १९५० या दोन्ही वर्षी उत्तीर्णांची संख्या १२ लाखांच्या आसपासच होती. कारण १९५०चे उत्तीर्ण १९३२च्या सुमारास जन्मलेले होते. ती महामंदीची वर्षे. त्या वर्षांत जन्मच कमी झाले. युद्धोत्तर शालान्तवर्ग लहान गावात विशेषच लहान दिसतो, त्याचे एक कारण शाळेत नसून अठरा वर्षांपूर्वीच्या अर्थव्यवस्थेत आहे.

शेष कोणाला वगळून राहिला, याचे उत्तर ऑगस्ट हॉलिंग्सहेड यांच्या ‘एल्मटाउन्स यूथ’ या १९४९च्या ग्रंथात मिळते. इलिनॉय राज्यातील मॉरिस या गावात १९४१–४२ मध्ये त्यांनी ७३५ किशोरवयीनांचा अभ्यास केला आणि गावाला ‘एल्मटाउन’ हे टोपणनाव दिले. समाजाचे पाच स्तर पाडल्यावर त्यांना आढळले, की सर्वांत खालच्या स्तरातील बहुसंख्य मुले शाळा सोडून गेलेली होती. वरच्या दोन स्तरांतील जवळजवळ सर्व शाळेत होती. ‘वर्ग’ शब्दाचा दुसरा अर्थ येथे चौथ्या अर्थाला छेदतो. डिप्लोमा घेताना सर्वांनी एकसारखे झगे घातल्यामुळे आर्थिक भेद दिसत नसे, हे खरे. पण ज्यांच्यामुळे तो भेद ठळक झाला असता ती मुले बहुधा आधीच निघून गेलेली असत. झग्यांच्या समतेचे गोडवे गाणाऱ्या आठवणलेखनात ही वजाबाकी क्वचित आढळते.

उरलेल्यांत दोन प्रवाह होते. पहिला गावातल्या मुलांचा : ती पहिलीपासून एकत्र असत. दुसरा शेतावरच्या मुलांचा : ती एकशिक्षकी शाळेत आठवीपर्यंत शिकून नववीत गावच्या हायस्कूलमध्ये येत. १९५० साली देशात अशा एकशिक्षकी शाळा सुमारे ६० हजार होत्या. म्हणजे बारा वर्षांचा सहवास पहिल्या प्रवाहालाच लाभे. दुसऱ्याचा सहवास चार वर्षांचा. शिवाय दूध काढण्याच्या वेळा पाळायच्या असल्याने शेतावरचा मुलगा सायंकाळच्या उपक्रमांना सहज येऊ शकत नसे. शालान्तवर्गाच्या एकजिनसीपणाविषयी जे बोलले जाते, ते या जोडावर तपासून घ्यावे लागते.

१९४५–४७ या वर्षांत तिसरा, तात्पुरता प्रवाह मिसळला. शिक्षण अर्धवट टाकून युद्धावर गेलेले काही तरुण परत येऊन हायस्कूलच्या बाकावर बसले. त्यांच्यापैकी कोणी विशीचा, कोणी बाविशीचा. वर्षाचे एकत्व कायम राहिले, वयाचे गेले. जे परतूनही शाळेत आले नाहीत, त्यांपैकी कित्येकांना पुढे अनेक राज्यांनी कायदा करून वार्धक्यात डिप्लोमा दिला. अशांचा शालान्तवर्ग कोणता, हा प्रश्न व्याख्येने सुटत नाही. त्यांना सामान्यतः ज्या वर्षी ते बाहेर पडले असते, त्याच वर्षात मोजतात; म्हणजे येथे तिसरे लक्षण उपचाराने पूर्ण झाले असे मानले जाते.

व्याख्येला याहून गंभीर अडचण वर्णभेदाची आहे. गावात एकच हायस्कूल, असे वर म्हटले. परंतु १९५४ पर्यंत १७ राज्यांत गोऱ्या व काळ्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा ठेवणे कायद्यानेच बंधनकारक होते. तेथे एका गावात दोन हायस्कूले व दोन शालान्तवर्ग असत, किंवा काळ्या मुलांसाठी हायस्कूलच नसे आणि त्यांना दुसऱ्या गावी पाठवले जाई. टेनेसी राज्यातील क्लिंटन हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण. तेथील काळे विद्यार्थी सुमारे वीस मैलांवरच्या नॉक्सव्हिलला जात. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात विभक्त शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि ऑगस्ट १९५६ मध्ये बारा काळे विद्यार्थी क्लिंटन हायस्कूलमध्ये दाखल झाले. गावात दंगल उसळली. नॅशनल गार्ड बोलवावे लागले. मे १९५७ मध्ये बॉबी केन तेथून उत्तीर्ण झाले. दक्षिणेतील वर्णभेद मोडलेल्या सरकारी हायस्कूलमधून डिप्लोमा मिळवणारे पहिले काळे तरुण म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पुढच्याच वर्षी, ५ ऑक्टोबर १९५८ रोजी, ती इमारत स्फोटांनी उद्ध्वस्त करण्यात आली. केन १९५७च्या शालान्तवर्गाचे सदस्य होते, हे तिन्ही लक्षणांनी सिद्ध आहे. परंतु पुढील परिच्छेदांत शालान्तवर्गाचे जे अंतर्गत जीवन वर्णिले आहे, ते त्यांच्या वाट्याला आले असे या सिद्धतेवरून म्हणता येत नाही. सदस्यत्व आणि सहभाग या दोन गोष्टी भिन्न आहेत.

सहभाग हाच लहान शाळेचा विशेष होय, आणि त्याचे स्पष्टीकरण भावनेने नव्हे तर अंकगणिताने देता येते. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्कर यांनी १९४७ साली कॅन्सस राज्यातील ऑस्कलूसा या सुमारे सातशे वस्तीच्या गावात एक संशोधनकेंद्र थाटले आणि गावातील मुले दिवसभर कोठे, कोणाबरोबर, काय करतात याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. या कामातूनच पुढे पॉल गम्प यांच्यासह ‘बिग स्कूल, स्मॉल स्कूल’ हा १९६४चा ग्रंथ सिद्ध झाला. त्यासाठी पूर्व कॅन्ससमधील ३५ पासून २,२८७ विद्यार्थ्यांपर्यंतच्या शाळा पाहिल्या गेल्या. सर्वांत मोठ्या शाळेत सर्वांत लहान शाळेच्या ६५ पट विद्यार्थी होते. परंतु उपक्रमांची स्थळे केवळ ८ पट होती, आणि त्या स्थळांचे प्रकार तर अवघे दीडपट.

या तीन आकड्यांतून पुढील अनुमान निघते. नाटक कोणत्याही शाळेत नाटकच असते. त्याला पात्रे, पडदा ओढणारा, तिकिटे विकणारा हवाच. बँडला ढोल हवा. बास्केटबॉलला पाच खेळाडू आणि बाकावर पाच हवेत. शाळेचा आकार घटला म्हणून या जागा त्या प्रमाणात घटत नाहीत. म्हणून लहान शाळेत माणसांपेक्षा जागा अधिक असतात. परिणाम दोन. पहिला : तोच मुलगा संघातही असतो, बँडमध्येही, नाटकातही, क्वचित खेळाच्या मध्यंतरात खेळाच्याच पोशाखात तुतारी वाजवतो. दुसरा, आणि अधिक महत्त्वाचा : ज्याच्या अंगी विशेष काही नाही, अशा विद्यार्थ्यालाही ‘तू आलास तरच जमेल’ असे सांगितले जाते. बार्कर–गम्प यांना आढळले, की अभ्यासात मागे असलेल्या विद्यार्थ्यांवरही लहान शाळेत असा आग्रह होत असे. मोठ्या शाळेत त्यांच्यावर तो जवळजवळ होतच नसे. उलट मोठ्या शाळेत निवडीला वाव अधिक आणि दुसऱ्याचे कौशल्य पाहण्याचा आनंदही अधिक. दोहोंपैकी श्रेष्ठ कोणते, हे या आकड्यांवरून ठरत नाही. पण लहान शाळेच्या शालान्तवर्गाची घट्ट वीण मनुष्यबळाच्या तुटवड्यातून आली होती, एवढे निश्चित ठरते.

बास्केटबॉलचा उल्लेख दृष्टान्तापुरता नाही. फुटबॉलला अकरा खेळाडू लागतात, बास्केटबॉलला पाच. म्हणून तीसच्या शालान्तवर्गाची शाळाही मोठ्या शहराशी भिडू शके. इंडियाना राज्यात तर १९९७ पर्यंत सर्व शाळांसाठी, आकार न पाहता, एकच स्पर्धा होती. २० मार्च १९५४ रोजी अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन हायस्कूलने मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला ३२–३० ने हरवून राज्यविजेतेपद मिळवले. निर्णायक बास्केट बॉबी प्लम्प यांची. पुढे १९८६ साली ‘हूजियर्स’ हा चित्रपट या घटनेवरून प्रेरित होऊन निघाला. या विजयाने एक प्रमाद रूढ केला, तो असा की लहान शाळा जिंकू शकते हा नियम आहे. तो अपवाद होता. म्हणूनच सत्तर वर्षे सांगितला जात आहे. जेम्स कोलमन यांनी १९५७–५८ मध्ये इलिनॉयमधील दहा हायस्कूलांचा अभ्यास केला तेव्हा, आपण कोण म्हणून आठवणीत राहावे या प्रश्नावर मुलांची पसंती हुशार विद्यार्थ्यापेक्षा खेळाडूकडे अधिक झुकलेली दिसली. खेळाचे स्थान एवढे वरचे असण्याचे कारण उघड आहे : शालान्तवर्गाची जी कृती सबंध गाव एकाच वेळी पाही, ती हीच होती.

समूहाच्या जीवनाच्या अवस्था चार : नववीतील ‘फ्रेशमन’, दहावीतील ‘सॉफमोर’, अकरावीतील ‘ज्युनियर’ व बारावीतील ‘सीनियर’. पहिल्या दोन अवस्थांविषयी सांगण्यासारखे फार नाही. तिसरीत समूह प्रथमच आर्थिक व्यवहार करतो : ज्युनियरांनी सीनियरांना मेजवानी द्यायची, हा दंडक असल्याने सामन्यांच्या वेळी खाद्यपदार्थ विकून, नियतकालिकांच्या वर्गण्या गोळा करून पैसा उभारला जाई. चौथ्या अवस्थेत त्याच मार्गाने सहलीचा निधी जमे. ईशान्य व मध्यपश्चिमेकडील पुष्कळ शाळांची सहल राजधानी वॉशिंग्टनला जाई. अंगठ्या मागवल्या जात. हा धंदा पुढे ज्या कंपनीच्या नावाशी निगडित झाला, ती जॉस्टन्सही मिनेसोटातील ओवाटोना या लहान गावातच १८९७ साली सुरू झालेली. सीनियरांचे नाटक होई. थॉर्न्टन वाइल्डर यांचे १९३८चे ‘अवर टाउन’ या काळात हायस्कूलांचे आवडते होते. त्याला नेपथ्य जवळजवळ लागत नाही, ही गोष्ट त्या आवडीच्या कारणांतून वगळू नये.

अखेरच्या आठवड्यातील विधी विशेष विचारार्ह आहेत. रविवारी चर्चमधील प्रवचन, मग ‘क्लास नाइट’, मग डिप्लोमाप्रदान. क्लास नाइटला तीन लेख वाचले जात : वर्गाचा इतिहास, वर्गाचे भविष्य आणि वर्गाचे मृत्युपत्र. भविष्यात वीस वर्षांनी कोण कोठे असेल हे थट्टेने सांगितलेले असे. मृत्युपत्रात ‘आम्ही, अमुक वर्षाचा क्लास, शुद्धीवर असताना’ अशा कायदेशीर थाटात कोणी आपली सायकल ठेवण्याची जागा, कोणी उशिरा येण्याची सवय एखाद्या ज्युनियरच्या नावे करी. थट्टा बाजूला ठेवली तरी मृत्युपत्र हा प्रकार व्याख्येशी काटेकोरपणे जुळतो. पूर्तता हे निर्णायक लक्षण असल्याने डिप्लोमा मिळेपर्यंत शालान्तवर्ग पूर्णार्थाने अस्तित्वात नसतो. आणि डिप्लोमा मिळताच त्याचा सहवास संपतो. ज्या क्षणी लक्षण सिद्ध होते त्याच क्षणी कारण नष्ट होते. एल्गार यांच्या १९०१च्या ‘पॉम्प अँड सर्कम्स्टन्स’ या कूचगीताच्या तालावर मुले व्यासपीठाकडे जात, तेवढी काही मिनिटे या दोन्ही गोष्टी एकत्र असत.

विसर्जनानंतरच्या वाटा युद्धोत्तर काळात आधीपेक्षा अधिक झाल्या. त्या सामान्यतः गावाबाहेर नेणाऱ्या होत्या. सैन्याची वाट कायद्याची होती. १९४८ साली सक्तीची भरती पुन्हा सुरू झाली. १९५०च्या शालान्तवर्गाला डिप्लोमा मिळून काही आठवडेच झाले होते, तोच २५ जून रोजी कोरियात युद्ध भडकले. पुढील वर्षी भरतीचे वय साडेअठरावर आले. महाविद्यालयाची वाट १९४४च्या ‘जीआय बिला’ने माजी सैनिकांसाठी रुंद केली. १९४७ साली महाविद्यालयांतील सुमारे निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. ज्याने सतराव्या वर्षी डिप्लोमा घेऊन थेट अर्ज केला, त्याला, आणि विशेषतः तिला, या गर्दीतून जागा मिळवावी लागे. शेतीची वाट मात्र अरुंद होत होती : १९५० साली देशात जवळपास ५४ लाख शेते होती, १९५९ साली ३७ लाख. ट्रॅक्टर आला, शेते मोठी झाली, आणि ज्या मुलाने शेत चालवायचे तो एक पुरला. विवाहाची वाट मुलींच्या बाबतीत अतिशय जवळ होती. स्त्रियांच्या प्रथम विवाहाचे मध्यक वय १९५० साली २०.३ आणि १९५६ साली २०.१ होते. म्हणजे विवाह करणाऱ्या निम्म्या मुली डिप्लोमानंतर दोन-अडीच वर्षांतच विवाहित होत.

व्यक्ती गेल्या तरी समूहाची जननी जी शाळा ती उरते, असे गृहीत होते. याच काळात ते गृहीतक ढासळले. देशातील शाळाजिल्ह्यांची संख्या १९५० साली सुमारे ८४ हजार होती. १९६० साली ती ४०,५२० झाली आणि १९७०–७१ मध्ये १८ हजारांच्या खाली आली. एकशिक्षकी शाळा १९६० पर्यंत २० हजारांवर आल्या. शेजारच्या तीन-चार गावांची हायस्कूले एकत्र करून माळावर मधोमध नवी इमारत बांधायची, ही या एकत्रीकरणाची नेहमीची पद्धत. ते शक्य केले पक्क्या रस्त्यांनी आणि बसने. त्या बसचा पिवळा रंग १९३९ सालच्या एका परिषदेत ठरला होता. जी बस शेतावरच्या मुलाला गावच्या हायस्कूलात आणण्यासाठी आली, तीच पुढे गावच्या मुलाला गावाबाहेर नेऊ लागली.

एकत्रीकरणाला शास्त्रीय आधार दिला तो जेम्स कोनंट यांच्या १९५९च्या अहवालाने. स्पुटनिकला दोन वर्षे झाली होती. विज्ञान आणि परकीय भाषांसाठी केंद्राचा पैसा देणारा कायदा १९५८ सालीच झाला होता. कोनंट यांचे म्हणणे असे, की शालान्तवर्ग किमान शंभरांचा नसेल तर त्या हायस्कूलला उच्च गणित, भौतिकशास्त्र, परकीय भाषा यांचे वर्ग वाजवी खर्चात चालवता येत नाहीत. म्हणून अशा लहान हायस्कूलांची संख्या झपाट्याने कमी करावी. प्रारंभी सांगितलेला शंभरचा आकडा हाच. अभ्यासक्रमापुरता हा तर्क निर्दोष आहे : बारा मुलांसाठी भौतिकशास्त्राचा शिक्षक ठेवता येत नाही. परंतु बार्कर–गम्प यांचे अंकगणित त्याच्या शेजारी मांडले असता दिसते, की जी अल्पता अभ्यासक्रमाला दरिद्री ठेवत होती तीच सहभाग सक्तीचा करत होती. दोन्ही परिणामांचे कारण एकच असल्याने एक टाळून दुसरा ठेवणे शक्य नव्हते. गावसभांत एकत्रीकरणाला झालेला कडवा विरोध बहुधा बास्केटबॉल संघाच्या नावाने झाला आणि तज्ज्ञांनी त्याला अडाणीपणा म्हटले. विरोधकांना आपला मुद्दा नीट मांडता आला नव्हता, इतकेच.

शाळा बंद झाल्यावर शालान्तवर्गाचे काय होते? व्याख्येनुसार काहीच होत नाही. तिन्ही लक्षणे भूतकाळात सिद्ध झालेली आहेत. व्यवहारात दर पाच-दहा वर्षांनी मेळावे भरत राहतात. मध्यपश्चिमेत मे महिन्याच्या अखेरीस, थडग्यांवर फुले वाहण्याच्या सुट्टीला जोडून, सर्व वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांची एकत्र मेजवानी होते. शाळा नसलेल्या गावांतही ती चालू राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मेजवानीत वर्षे पुकारली जातात आणि त्या त्या वर्षाचे लोक उभे राहतात. अंडाकृती छायाचित्रांच्या ज्या चौकटी शाळेच्या वऱ्हांड्यात लागलेल्या असत, त्या ग्रंथालयात किंवा एखाद्या स्थानिक संग्रहालयात जातात. गुणनोंदींची दप्तरे मात्र नव्या जिल्हा कार्यालयाच्या ताब्यात येतात. पन्नास वर्षांनी कोणी निवृत्तिवेतनासाठी वा अन्य कामासाठी दाखला मागितला, तर ते कार्यालय त्याची प्रत काढून देते. तीवर शाळेचे नाव जुनेच असते, खाली शिक्का नव्या जिल्ह्याचा.